क्रोमवरचा गंज पुन्हा पुन्हा का येतो? जुन्या ड्रमच्या मुलाम्याची कोकणातली दुखणी

तक्रार नेहमी एकच असते. गणपतीच्या आधी रिम (कातडं ताणून धरणारं कडं), लग (रिमचे स्क्रू ज्यात बसतात त्या ड्रमच्या अंगावरच्या धातूच्या खुंट्या), स्टँड घासूनपुसून लखलखीत केले आणि दसरा यायच्या आत त्याच जागी तेच तपकिरी ठिपके पुन्हा उभे राहिले. मालवण-वेंगुर्ल्यापासून गुहागर-दापोलीपर्यंत जिथे जुने साइड ड्रम, बेस ड्रम किंवा कुणाच्या आजोबांनी जपलेला परदेशी सेट आहे, तिथे हेच ऐकू येतं. "काकानू, घासून घासून हात दुखाक लागले, तरी गंज परत इलोच," असं बँजो पार्टीतला एक मुलगा मला सांगत होता. त्याच्या हातातल्या रिमवर बाहेरून एकही डाग नव्हता. बोट आतल्या वळणातून फिरवलं तर मात्र टोक विटकरी झालं.

ठिपके त्याच जागी परत येतात, ही खूण महत्त्वाची आहे. घासण्यात कसूर झालेली नसते. गंजाचं कारण आपण पुसतो त्या पृष्ठभागावर नसतंच. ते मुलाम्याच्या छिद्रात, रिमच्या आत आणि लगच्या पोटात बसलेलं असतं, आणि ते कारण म्हणजे मीठ. पाऊस त्याला फक्त हातभार लावतो.

चकाकी कशाची आणि अडवतं कोण

क्रोम केलेला लोखंडी रिम म्हणजे लोखंडावर थेट क्रोम नव्हे. खाली बहुधा तांब्याचा थर, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोमचा अगदी पातळ पापुद्रा असतो. हा पापुद्रा साधारण पाव मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दोनशेव्या भागाहूनही बारीक. तो कठीण असतो, निळसर चमकतो आणि काळवंडत नाही, पण त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा आणि छिद्रं असतात. लोखंडाचं खरं रक्षण खालचं निकेल करतं. ते चांगल्या कामात 20 ते 30 मायक्रॉन असतं, स्वस्त कामात 5 मायक्रॉनवरही भागवलेलं असतं.

घराच्या जस्ती पत्र्याला ओरखडा पडला तरी लोखंड लगेच गंजत नाही, कारण जस्त आधी स्वतः झिजतं. निकेलचं उलट आहे. निकेल आणि लोखंड ओल्या मिठात एकत्र आले की झिजतं ते लोखंड. त्यातही उघडं पडलेलं लोखंड सुईच्या टोकाएवढं आणि भोवती निकेल-क्रोमचं पटांगण. त्यामुळे सगळा मारा त्या एका टोकावर होतो, गंज पसरण्याऐवजी खोल उतरतो आणि वर फक्त ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे खड्ड्याचं तोंड. आपण तोंड पुसतो, खड्ड्यातलं मीठ तसंच राहतं.

आता मिठाचा स्वभाव बघा. हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं आणि ते तर 33 टक्क्यांनाच ओलं व्हायला लागतं. दुपारी सुटणारे खारे वारे हे मीठ घरापर्यंत आणून टाकतात. म्हणून किनाऱ्यालगतच्या गावात जानेवारीच्या कोरड्या दिवसांतही, आपल्याला कोरडा ठणठणीत वाटणारा स्टँड खड्ड्यांच्या आतून ओलाच असतो. कोरड्या फडक्याने कितीही पुसलं तरी मीठ निघत नाही, फक्त इकडचं तिकडे सरकतं. ते निघतं गोड्या पाण्याने. धातूला पाणी लावायचं म्हटलं की लोक दचकतात, पण या दुखण्यावर मला माहीत असलेला सगळ्यात खात्रीचा उपाय तोच आहे.

आधी आतला धातू ओळखा

उपाय करण्याआधी मुलाम्याखाली काय आहे ते कळलं पाहिजे, कारण लोखंड, पितळ, जस्ताचं ओतकाम आणि अॅल्युमिनियम यांची दुखणी वेगळी असतात. लोहचुंबक घ्या. कडकन चिकटला तर लोखंड. अगदी पुसट ओढ जाणवली तर पितळ असू शकतं, कारण वरचं निकेल स्वतः थोडंफार चुंबकाला ओढतं. अजिबात ओढ नसेल तर पितळ, जस्ताचं ओतकाम किंवा अॅल्युमिनियम.

पुढचं काम रंग सांगतो. तपकिरी-विटकरी डाग म्हणजे लोखंड. हिरवट जंग म्हणजे पितळ किंवा तांबं. पांढरी भुकटी आणि मुलाम्याखाली उठलेले फोड म्हणजे जस्त किंवा अॅल्युमिनियम. जुन्या ड्रमचे बहुतेक लग जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले असतात. मीठ आत शिरलं की तिथे तयार होणारी पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते आणि मुलामा वर उचलते. तो फोड नखाने फोडायचा मोह आवरा. फोडला की तेवढा मुलामा कायमचा गेला.

वरचा थर क्रोम की निकेल, हे दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदाशेजारी धरून बघा. क्रोम निळसर आणि थंड दिसतं, निकेलवर पिवळसर ऊब असते आणि जुनं निकेल धुरकट होतं. सजावटी क्रोमचा व्यापारी वापर 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला, पण ड्रमवर निकेल त्यानंतरही बराच काळ टिकून राहिलं. 1960 च्या दशकातल्या सेटवर मात्र बहुतेक ठिकाणी क्रोमच दिसतं. लंडनमध्ये 1922 साली सुरू झालेल्या प्रीमिअर कंपनीच्या जुन्या ड्रमवरचं क्रोम जाड आणि टिकाऊ म्हणून वादकांत नावाजलेलं आहे. तसा ड्रम हातात आला आणि त्यावर फक्त मळकट थर दिसला, तर गंज समजून घासायला घेऊ नका. बऱ्याचदा तो धूर, घाम आणि मिठाचा थर असतो आणि नुसत्या धुण्याने जातो.

गंज लपतो कुठे

पहिली जागा रिमच्या वळलेल्या कडेची आतली बाजू. मुलामा विजेच्या प्रवाहाने चढतो आणि प्रवाह उंचवट्यांकडे, कडांकडे धावतो. खोबणीत तो कमी पोचतो, आणि क्रोम तर खोबणीत जवळजवळ जातच नाही. त्यामुळे बाहेरून आरशासारखा दिसणारा रिम आतून नुसत्या पातळ निकेलवर उभा असतो. तिथेच कातड्याच्या कडेवरून घाम, गुलाल आणि पावसाचं पाणी साचतं. गुलाल ओल धरून बसतो आणि वर्षभर तिथून हलत नाही. शिमग्याचा गुलाल गणपतीत ड्रम उघडल्यावर रिमच्या खोबणीत ओलसर पेंड होऊन बसलेला असतो.

दुसरी जागा फार थोडे लोक तपासतात, आणि माझ्या मते निम्म्या तक्रारी तिथूनच येतात: लगचं पोट. जुन्या लगमध्ये आत नट धरून ठेवायला एक स्प्रिंग असते. ड्रम वाजताना ती झिणझिणते, म्हणून कंपनीने किंवा नंतर कुणा कारागिराने तिच्याभोवती कापूस किंवा फेल्ट कोंबलेलं असतं. लगचे आतून येणारे दोन स्क्रू काढा आणि लग हातात घेऊन उलटा करा. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या लगमधून काळपट, चिकट बोळा निघतो, चिमटीत दाबला तर बोटांना गार लागतो. पंचवीस-तीस पावसाळ्यांचं मीठ त्या बोळ्यात मुरलेलं असतं. स्प्रिंग त्यात लाल झालेली असते आणि तिचं पाणी लगच्या खालच्या टोकातून ड्रमच्या अंगावर ओघळतं. वरून पुसलेले तपकिरी ओघळ दर महिन्याला परत का येतात, त्याचं उत्तर हे आहे. तो बोळा फेकून द्या. स्प्रिंग झिणझिणत असेल तर पाणी न शोषणाऱ्या फोमची बारीक पट्टी लावा. कापूस परत भरू नका.

बाकी जागा पटकन सांगतो. सिंबल स्टँडच्या फेल्टखालचा भाग, विंग नटांच्या आतले आटे, एकमेकांत सरकणाऱ्या नळ्यांची आतली बाजू, आणि स्नेअरच्या, म्हणजे साइड ड्रमच्या, खालच्या कातड्याला टेकलेल्या तारा बांधणारी दोरी किंवा पट्टी. फेल्ट आणि दोरी स्वस्त असतात, त्या बदलून टाकायच्या.

धुण्याची पद्धत

ड्रम पूर्ण उघडा. आधी चार बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक लग कुठला, ते मास्किंग टेपवर लिहून ठेवा, कारण जुन्या ड्रमची भोकं क्वचितच एकसारखी असतात. लाकडी अंग पाण्यापासून लांब ठेवा. धातूचे भाग कोमट गोड्या पाण्यात, थोडा साधा शांपू घालून अर्धा तास बुडवा. मऊ टूथब्रशने रिमची खोबण, आटे, लगचं पोट घासा. पाणी ओतून द्या, नवं घ्या, पुन्हा बुडवा. मीठ खड्ड्यातून हळूहळू बाहेर येतं, म्हणून एकदा जोरात घासण्यापेक्षा तीनदा बुडवणं जास्त उपयोगाचं.

पाणी कुठलं, हा प्रश्न आपल्याकडे खरोखरच महत्त्वाचा आहे. किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरी मार्च-एप्रिलनंतर मचूळ होतात. त्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ काढून मीठ भरणं. आरशावर चार थेंब टाका आणि वाळू द्या. पांढरं कडं उमटलं तर शेवटच्या धुण्याला ते पाणी नको. मुसळधार पाऊस लागून काही दिवस झाल्यावरचं पागोळीचं पाणी सगळ्यात उत्तम. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं.

धुतल्यावर सुती फडक्याने टिपून घ्या आणि लगेच हेअर ड्रायरने खोबणी, आटे, नळ्या कोरड्या करा. "पडवीत ठेवलंय, सुकेल सकाळपर्यंत" असं करू नका, रात्रीत नवा गंज धरतो.

डाग अजून दिसत असतील तर स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला तुकडा पाण्यात बुडवून हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं, त्यामुळे क्रोमला ओरखडा न पडता गंज खरवडला जातो. राखाडी चिखल झाला की थांबा, धुवा, बघा. निकेलवर हे अगदी हळू हाताने करा, कारण निकेल क्रोमहून मऊ असतं आणि सुटलेल्या गंजाचे कण त्याला चरे पाडतात. खड्डे बुजत नाहीत, बारीक काळे टिंब राहतातच. ते राहू द्या, त्यांच्या मागे लागून मुलामा घालवू नका. वर गाडीच्या कार्नोबा मेणाचे दोन पातळ हात द्या, रिमच्या आतून सुद्धा. आट्यांना शिलाई मशिनच्या तेलाचा एकेक थेंब, आणि दोन वेगळे धातू टेकतात तिथे व्हॅसलिनचा पुसट हात.

घरातले उपाय जे इथे चालत नाहीत

आमसूल, चिंच, लिंबू ही पितळेच्या समईला आणि तांब्याच्या घागरीला फार चांगली. उघड्या पितळेवरचा काळा थर आम्ल खातं आणि खालचं पितळ तेवढंच जाड असतं की त्याला फरक पडत नाही. मुलाम्यावर हेच आम्ल छिद्रातून आत शिरतं, खालचं लोखंड खातं आणि जस्ताच्या लगला तर फारच लवकर पोखरतं. समई घासून उरलेलं आमसूल ड्रमला लावणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना मी कळकळीने सांगतो, नका करू. पितळेची पॉलिशही वर्षानुवर्षं निकेलवर चोळली की कडांवरचं निकेल जातं आणि पिवळं पितळ डोकावू लागतं. सोन्याचा मुलामा असेल तर त्याला कुठलंही पॉलिश लावू नये. तो इतका पातळ असतो की नुसता ओल्या मऊ कापडाने टिपावा.

खोबरेल तेलाचंही असंच. लावल्यावर चकाकी येते, पण तेल खवट झालं की त्यातली आम्लं पितळेला हिरवं करतात आणि चिकट थरावर धूळ, मीठ, गुलाल सगळं येऊन बसतं. काथ्या आणि लोखंडी घासणी यांबद्दल वेगळं सांगायची गरज नाही.

जुन्या स्क्रू-स्प्रिंगांवर कधी कधी मंद, पिवळसर-करडा मुलामा दिसतो. तो कॅडमियमचा असू शकतो. कॅडमियम विषारी आहे, त्यामुळे असा भाग कागदाने घासू नका, उगाळू नका. धुवा, पुसा आणि सोडून द्या.

पावसाळ्यात ठेवायचं कुठे

पडवी, ओटी, माळा या तिन्ही जागा नकोत. पडवीत खारा वारा थेट येतो आणि माळ्यावर कौलांखालची दमट गरमी असते. माजघरातली, समुद्राकडे खिडकी नसलेली भिंत धरा आणि ड्रम जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. पूर्वी कपाटात 40 वॅटचा दिवा लावून ठेवायची पद्धत होती. ती योग्यच होती, कारण दिव्याच्या उबेने कपाटातली आर्द्रता खाली येते. आता त्याच जागी एलईडी लावतात, त्याला ऊब नसते, म्हणून काही उपयोग होत नाही.

सगळ्यात भरवशाची वस्तू म्हणजे रबरी कडेची, घट्ट झाकणाची प्लास्टिकची मोठी पेटी आणि त्यात ओल शोषणारं सिलिका जेल. एका ड्रमच्या सुट्या भागांना निदान पाव किलो जेल हवं. रंग बदलला की ते साधारण 120 अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतं, मात्र खाण्याच्या भांड्यात तापवू नका. जेल न घालता नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला ड्रम उघड्यावर ठेवलेल्या ड्रमपेक्षा लवकर गंजतो, कारण आतली ओल बाहेर पडत नाही. नव्या प्लायवूडची पेटी करून घेणार असाल तर थोडं थांबा. ताज्या प्लायवूडमधून आम्लाची वाफ निघते आणि ती जस्ताच्या लगना बाधते.

मिरवणुकीहून आल्यावर, कितीही दमलात तरी, गोड्या पाण्यात पिळलेलं फडकं आणि मागोमाग कोरडं फडकं एवढं त्याच रात्री व्हायला हवं. घामाचं मीठ, गुलाल आणि फटाक्यांची काजळी ताजी असते तोवर सहज निघते.

अॅल्युमिनियमवरचं क्रोम

लुडविग या अमेरिकी कंपनीच्या सुप्राफोनिक जातीच्या स्नेअरचा उल्लेख वेगळा करायला हवा, कारण हा ड्रम जगभर वाजला आणि आपल्याकडेही कुणाकुणाकडे आहे. सुरुवातीचे थोडे ड्रम पितळी अंगाचे होते. 1963 च्या सुमारास अंग अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं झालं. अॅल्युमिनियमवर क्रोम नीट धरून राहणं अवघड असतं, त्यामुळे या ड्रमवर पांढरे टिंब, मग पापुद्रे ही गोष्ट कोरड्या देशांतही घडते. आपल्याकडे ती लवकर घडते इतकंच. इथे चुंबक अंगाला चिकटणार नाही आणि तपकिरी गंजही दिसणार नाही. उपाय म्हणजे धुणं, सुकवणं, मेण लावणं आणि सुटलेल्या पापुद्र्याची धार बोटाला लागत असेल तर तेवढी कडा हळूच बोथट करणं. पुन्हा क्रोम करून घेऊ नका. अॅल्युमिनियमला मुलाम्याआधी जस्ताची वेगळी प्रक्रिया लागते, ती सगळीकडे होत नाही, आणि तोवर अंग इतकं घासलं जातं की भोकांच्या कडा बदलतात. टिंब पडलेला सुप्राफोनिक आवाजात काही कमी पडत नाही.

पुन्हा मुलामा द्यायचाच असेल तर

लोखंड इतकं खाल्लं गेलं आहे की खड्ड्यात नख अडकतं, किंवा मुलामा सोलून निघतो, तेव्हाच हा विचार करा. माझं मत स्पष्ट आहे: आठवड्याला वाजणाऱ्या, मिरवणुकीत फिरणाऱ्या ड्रमला क्रोम. घरी जपलेल्या, मूळ निकेल असलेल्या ड्रमला निकेलच, आणि ते धुरकट होणार हे मान्य करून महिन्याला पुसायची तयारी. काळं निकेल आणि सोनं इथल्या हवेत टिकवणं म्हणजे सतत जपणूक आहे. ज्या स्टँडला जुनेपणाची किंमत नाही, त्याला सरळ पावडर कोटिंग (भुकटीचा रंग भाजून चढवणं) करून घ्या. स्वस्त पडतं आणि किनाऱ्यावर चांगलं राहतं.

काम कोल्हापूर, पुणे, मुंबईकडे जाईल. मुलामा देणाऱ्याशी बोलताना "चांगलं क्रोम करा" एवढं पुरत नाही. लोखंडी भागांना 30 मायक्रॉनच्या आसपास दुहेरी निकेल मागा, म्हणजे खाली अर्धचकाकीचं आणि वर चकाकीचं. वरच्या थरात गंधकाचा अंश असतो, तो खालच्याआधी झिजतो, त्यामुळे हल्ला आडवा पसरतो आणि लोखंडापर्यंत उशिरा पोचतो. किनाऱ्यावरच्या वस्तूला हा एक फरक वर्षानुवर्षं कामाला येतो. रिमच्या आतल्या बाजूला निकेल पोचलंच पाहिजे, हे हातात रिम धरून बोटाने दाखवा. जस्ताचे लग देत असाल तर सुरुवातीला सायनाइडच्या कुंडातला तांब्याचा थर देतात का, ते विचारा. नुसत्या आम्लाच्या कुंडात जस्त विरघळतं. बफिंग (फिरत्या चाकावर घासून चकाकी आणणं) कमी करायला सांगा, नाहीतर रिमवर ठोकलेली नावं आणि लगच्या कडा गुळगुळीत होऊन जातात.

स्प्रिंगा मुलाम्याला देऊ नका. त्या प्रक्रियेत पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ताणाखालची स्प्रिंग ठिसूळ होऊन तुटू शकते. नवी घ्या. टेन्शन रॉड (रिमला लगकडे ओढून धरणारे लांब स्क्रू) गंजले असतील तर 316 जातीच्या स्टेनलेस पोलादाचे मिळतात का बघा, खाऱ्या हवेत 304 वर चहासारखे डाग येतात. अमेरिकी आणि जपानी ड्रमला बहुतेक 12-24 आट्यांचे (12 नंबरच्या जाडीचे, इंचाला 24 आटे) रॉड लागतात. जुन्या प्रीमिअरचे आटे वेगळे असतात, तेव्हा एक जुना रॉड आणि नट सोबत घेऊन जा. हाताने सहज फिरतो तेवढाच घ्या, पकडीने जबरदस्ती केली तर लगमधला पितळी नट जातो आणि तो नट मिळणं रॉडपेक्षा अवघड आहे.